रुमालाखालचा हात

अण्णाराव बिरादार यांना त्यांच्याच बैलाने मारलं, असं देवणी तालुक्यात सगळे मानत होते. पंचनाम्यात तसंच लिहिलं होतं. गोठ्यात मृतदेह, डोक्याला मार, दावं तोडून मोकळा झालेला बैल आणि त्याच्या उजव्या शिंगाला रक्त. याच्यापुढे काही विचारावं असं कुणाला वाटलं नाही.

विचारणारे दोघंच होते. एक होती लातूरच्या गुन्हे शाखेतली सहायक पोलीस निरीक्षक बुद्धप्रिया सोनकांबळे. तिची नांदेडच्या नियंत्रण कक्षात बदली झाली होती आणि परवा तिथे हजर व्हायचं होतं. दुसरे होते गुलाम रसूल, देवणीच्या जनावरांच्या बाजारातले जुने दलाल. वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऊन उतरलं की त्यांना समोरचा माणूस ओळखू येत नसे.

त्या दुपारी ते एसटीने लातूरला आले आणि पोलीस वसाहतीतल्या तिच्या घरी पोचले. घरात खोकी बांधून ठेवलेली होती. बसायला खुर्ची मोकळी नव्हती, म्हणून ते एका खोक्यावर बसले.

"ह्यात फुटायचं सामान न्हाई ना?"

"पुस्तकं आहेत. बसा चाचा."

"मग बसतो. पुस्तकावर बसलं तर तेवढीच अक्कल येईल." ते हसले नाहीत. डबा पुढे केला. "घरून साबेरानं खिचडी दिली. तुम्ही जेवत न्हाईत असं तिला कुणीतरी सांगितलं."

बुद्धप्रिया खरंच जेवत नव्हती, झोपतही नव्हती. दोन वर्षांपूर्वी हिमायतनगरला असताना तिने एका साक्षीदाराला ठाम राहायला सांगितलं होतं. तो राहिला. खटला उभा राहण्याआधी त्याचं प्रेत विहिरीत सापडलं आणि खटला संपला. तेव्हापासून कुणी तिच्याकडे येऊन "मी सांगतो" म्हणालं की तिला ती विहीर आठवे. गुलाम रसूल अण्णारावांच्या मातीनंतर दुसऱ्याच दिवशी तिच्याकडे आले होते आणि नेमकं तेच म्हणाले होते.

त्यांनी सांगितलं ते असं. त्या संध्याकाळी ते नेहमीसारखे चहाला अण्णारावांच्या शेतावर गेले. गोठ्यात अंधार होता. आतून कण्हल्याचा आवाज आला. ते चाचपडत आत गेले, कशाला तरी अडखळून गुडघ्यावर पडले, आणि त्यांच्या हाताला एक हात लागला. अण्णारावच पडलेत असं समजून त्यांनी त्या हाताची चारही बोटं धरली आणि म्हणाले, "अण्णा, ऊठ."

ते बोट धरणं वेगळं होतं. जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक एका रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. चार बोटं धरली की चार, पंजा धरला की पाच. बाहेरच्याला काही कळत नाही. गुलाम रसूल यांनी जन्मभर हेच केलेलं, त्यामुळे हातात हात आला की त्यांची बोटं आपोआप तशीच बसत.

आणि अंधारातल्या त्या हाताने उत्तर दिलं. करंगळी आत वळली आणि तळव्यात रुतली. म्हणजे नकार. मग हात निसटला, कुणीतरी त्यांच्या अंगावरून गेलं आणि दार वाजलं. अण्णाराव त्यांच्या डाव्या बाजूला पडलेले होते. ते आधीच संपले होते.

"करंगळीचा नकार माझ्या वालिदचा," गुलाम रसूल यांनी तेव्हाच सांगितलं होतं. "बाकी बाजार अंगठ्यानं नक्को म्हणतो. वालिदनं हे दोघांनाच शिकवलं. एक मी. दुसरा शिवा."

शिवा म्हणजे शिवशंकरअप्पा खानापुरे. लातूरला तीन डाळ मिलचे मालक. कुणाच्या लेकीचं लग्न असो, कुणाचं ऑपरेशन, अप्पा उभे. ते पोरवयात दोन वर्षं बाजारात राबले होते हे आता कुणाच्या लक्षातही नव्हतं. त्यांनी अण्णारावांना का मारावं, याचं उत्तर फक्त गुलाम रसूलकडे होतं. मागच्या हंगामात अण्णाराव तूर घालायला अप्पांच्या मिलमध्ये गेले असताना सत्यम नावाचा हमाल धान्याच्या खड्ड्यात पडला. माल चालू होता म्हणून अप्पांनी मशीन थांबवू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या पोराचं प्रेत नांदेड रस्त्यावर सापडलं, ट्रकने उडवलं म्हणून. अण्णारावांनी बरेच महिने तोंड मिटून ठेवलं. मग सत्यमची आई त्यांच्या दारात येऊन बसली. तेव्हा ते गुलाम रसूलना म्हणाले, "मी पोलिसात जाणार हाय. पण आधी शिवाला तोंडावर सांगतो. मागून वार करायचा न्हाई."

त्या संध्याकाळी अप्पा लातूरच्या मिलमध्ये पूजेला बसले होते, असं सांगणारी माणसं हवी तेवढी होती.

"अहवाल आला," बुद्धप्रियाने आता सांगितलं. नांदेडच्या प्रयोगशाळेचा कागद तिने खिडकीपाशी धरला, जणू त्यांना वाचता येणार होता. "शिंगावरचं रक्त माणसाचं आहे. पण अण्णारावांचं नाही."

गुलाम रसूल खोक्यावरून पुढे सरकले.

"म्हणजे नवाबनं त्याला मारलं."

"मारणाऱ्याला मारलं. हो."

"शाब्बास माझ्या वाघा," ते म्हणाले. नवाब हा अण्णारावांचा देवणी बैल, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, शेवरा वाणाचा. त्याला दोघांनी मिळून वाढवला होता. गुलाम रसूल एकटे जनावर घेऊन निघाले की अलीकडे रस्त्यात लोक अडवत, टेम्पो उघडायला लावत. म्हणून अण्णाराव प्रत्येक खेपेला त्यांच्या शेजारी बसत. काम नसलं तरी.

"सिंधुवहिनी सांगत होत्या," ते म्हणाले. सिंधुवहिनी म्हणजे अण्णारावांची बायको. "शिवा मातीला आला तर एका हातानं नमस्कार केला. डावा हात कोटातून काढला न्हाई. एवढ्या उन्हात कोट. बगा ना अंग त्याचं!"

"कसं बघू? साहेबांना विचारलं. ते म्हणाले, ते रक्त कुणाचंही असेल, एखाद्या गड्याला आधी शिंग लागलं असेल. अपघाती मृत्यूच्या प्रकरणात आरोपीच नसतो, चाचा. आरोपी नाही, तर अटक नाही. अटक झाली असती तर डॉक्टरसमोर उभं करावंच लागलं असतं. अंगावरची प्रत्येक जखम लिहून घ्यावी लागते. तिथे कुणाचं काही चालत नाही."

"मग मी त्याला भर बाजारात शिवी देतो. मारंल की मला."

"कानफटात मारली तर अदखलपात्र गुन्हा. कोर्टाची परवानगी आणा, मग तपास करा. तोवर मी नांदेडला फोन उचलत बसलेली असेन." ती खोक्याची सुतळी उगाच ओढत होती. "हाड मोडावं लागतं, तेव्हा कुठे पोलीस जागचा हलतो."

ती हे चिडून बोलली. नंतर तिला आठवत होतं की त्यावर गुलाम रसूल नुसतं "हाव" म्हणाले आणि त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

जाताना त्यांनी एवढंच सांगितलं की उद्याच्या बाजारात अप्पा नवाबला विकत घेणार आहेत. माणूस मारलेलं जनावर घरात ठेवत नाहीत. अप्पांनी मातीच्या दिवशीच सगळ्यांसमोर सिंधुवहिनींना शब्द दिला होता की बैल मी नेतो, तुम्हाला त्याचं तोंड पाहावं लागू नये. सौदा अण्णारावांच्या बाजूने गुलाम रसूल करणार होते.

"रुमालाखाली," ते म्हणाले. "एकदा तो हात परत हातात आला की माझी खातरी होईल."

"खात्री करा आणि हात काढून घ्या," बुद्धप्रिया म्हणाली. "त्याला काही कळू देऊ नका. मला शब्द द्या."

"तुम्ही खिचडी खावा आधी," ते म्हणाले. शब्द त्यांनी दिला नाही.

दुसऱ्या दिवशी ती साध्या कपड्यांत बाजारात गेली. बरोबर विनोद नावाचा शिपाई होता. त्याला लातूर सोडायचं नव्हतं आणि म्हणून तो घाबरलेला होता.

"म्याडम, आपण इथं हाव कामून? केस तर बंद हाय."

"बैल घ्यायचा विचार आहे."

"क्वार्टरमधी बांधायचा कुठं?"

बाजार भरला होता. खुंट्यांना बैलांच्या रांगा, शिंगांना ताजा हिंगूळ, टेम्पोंच्या फळ्या पाडल्याचे आवाज, भज्यांचा धूर. नवाब एका चिंचेखाली बांधला होता आणि त्याच्याभोवती लोक अंतर राखून उभे होते. खुनी बैल बघायला आले होते. बैल रवंथ करत होता.

अप्पा आले तेव्हा गर्दी आपणहून बाजूला झाली. जाड, गोरा माणूस, आवाज मऊ, अंगात क्रीम रंगाचा कोट. मागे व्यवस्थापक आणि मोबाइल धरलेली दोन पोरं. अप्पांचं चांगलं काम लोकांपर्यंत पोचवणं हे त्या पोरांचं काम होतं. बुद्धप्रिया नवाबकडे बघत होती. त्याने मान वर करावी, फुरफुरावं, काहीतरी करावं असं तिला वाटत होतं. नवाबने अप्पांकडे पाहिलंही नाही.

"रसूलभाई," अप्पा म्हणाले, "तोंडानंच सांगा काय ते. सिंधुताईचा पैसा हाय, मी कमी करणार न्हाई."

"बैलाचा मान ऱ्हातो का त्यानं?" गुलाम रसूल म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून झटकला. "अण्णाचा बैल भाजीसारखा विकू?"

"रुमाल टाका, अप्पा!" मागून एक म्हातारा दलाल ओरडला. "पोरांना दाखवा एकदा. आता काय, समदं व्हॉट्सॲपवर चाललंय."

"विसरले असतील अप्पा."

"अरे, डाळ निवडून बोटं मऊ पडली असतील."

लोक हसले. अप्पाही हसले. पोरं मोबाइल घेऊन जवळ सरकली. अप्पांनी उजवा हात पुढे केला, गुलाम रसूल यांनी त्यावर रुमाल टाकला आणि आपला हात आत घातला.

बाहेरून दिसलं ते एवढंच. दोन म्हातारी माणसं समोरासमोर उभी, मधे पांढरा रुमाल, त्याखाली हालचाल. गुलाम रसूल यांचे डोळे नेहमीसारखे अर्धवट मिटलेले. रुमाल हलला आणि थांबला. मग त्यांचे ओठ हलले. जवळ उभ्या असलेल्या विनोदलाच शब्द ऐकू आले आणि पुढे जबाबात त्याने ते तसेच दिले.

"शिवा. त्या दिवशीबी करंगळीच वळवलीस."

अप्पांचं हसू गेलं नाही. हे बुद्धप्रियाने नीट पाहिलं. हसू तसंच राहिलं, फक्त मानेच्या शिरा वर आल्या. गुलाम रसूल यांच्या कपाळावर घाम फुटला. ते मागे सरले नाहीत. उलट अर्धं पाऊल पुढे गेले. एक आवाज झाला, वाळलेली तुराटी मोडावी तसा. गर्दीतल्या बऱ्याच जणांना तो कशाचा आहे ते कळलं नाही. गुलाम रसूल यांनी खालचा ओठ दातांत धरला होता.

तिला आता कळलं. ती पुढे धावली, माणसं ढकलत.

दुसरा आवाज झाला.

रुमाल कुणी ओढायचा याचा बाजारात नेम आहे. सौदा होईपर्यंत कुणी ओढत नाही. गुलाम रसूल यांनी डाव्या हाताने तो ओढला आणि जमिनीवर टाकला. खाली अप्पांच्या मुठीत त्यांची दोन बोटं उलटी वाकलेली होती, मनगटाच्या दिशेने. अप्पांना मूठ सोडायला क्षणभर उशीर झाला. तेवढ्यात सगळ्यांनी पाहिलं. अप्पांच्याच पोरांच्या मोबाइलमध्ये ते आलं.

"सौदा मोडला," गुलाम रसूल मोठ्याने म्हणाले आणि खाली बसले.

"म्हातारा घसरला," अप्पा म्हणाले. "मी धरत होतो. पाणी द्या कुणीतरी त्याला."

"अप्पा, हात पुढे करा," बुद्धप्रिया म्हणाली. तिने ओळखपत्र काढलं. "गंभीर दुखापत. तुम्हाला अटक करतेय."

व्यवस्थापक मधे आला. चारपाच माणसं त्याच्या मागे आली. कुणीतरी तिचा खांदा ढकलला. तिचा फोन वाजू लागला, आणि नाव न बघताही तिला माहीत होतं तो कुणाचा असेल. साहेबांनी थांब म्हटलं तर थांबावं लागणार होतं. फोन उचलला नाही तर ते ऐकूच येणार नव्हतं. तिने तो तसाच वाजू दिला. मग विनोदचा वाजला. विनोदने पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"म्याडम... साहेब."

"तुझा फोन आहे, विनोद."

तो रडकुंडीला आला होता. त्याने फोन खिशात टाकला आणि बेडी काढली. ती नीट उघडेना.

गर्दी अप्पांच्या बाजूने पुढे येईल असं तिला वाटलं होतं. तिथल्या अर्ध्या लोकांची तूर अप्पांच्या मिलमध्ये जात होती. पण लोक हलले नाहीत. रुमाल जमिनीवर पडला होता आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. मघाशी ओरडलेला म्हातारा दलाल पुढे आला. त्याने तो उचलला, झटकला, गुलाम रसूल यांच्या मांडीवर ठेवला.

"अप्पा," तो म्हणाला, "रुमालाखाली मारामारी? इथं बापाचा खून केलेला माणूस जरी समोर आला तरी रुमालाखाली आम्ही भावच बोलतो."

व्यवस्थापकाने त्याला काहीतरी सुनावलं. म्हातारा हलला नाही. त्याच्या शेजारी दुसरा येऊन उभा राहिला, मग तिसरा. त्यांच्यामधून अप्पांना घेऊन पोलिसांची जीप निघाली.

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर मुलगी होती, साक्षी नावाची, नुकतीच लागलेली. एका पलंगावर गुलाम रसूल होते, हात फळीवर बांधलेला. बोटं काळीनिळी झाली होती. दुसऱ्या पलंगाजवळ अप्पा उभे होते.

"कोट काढा," डॉक्टर म्हणाली.

"गरज न्हाई. मला काही झालं न्हाई."

"अटकेतल्या माणसाला तपासावं लागतं. काढा."

"बाळ, घर कुठलं तुझं?" अप्पांनी मऊ आवाजात विचारलं. "निलंगा? वडील शाळेवर हायेत का? कोणत्या संस्थेच्या?"

साक्षीने पेन खाली ठेवलं. खोलीत पंख्याचा आवाज होता. बुद्धप्रियाला वाटलं, इथेच संपलं. हिमायतनगरला त्या साक्षीदारालाही आधी असाच एक साधा प्रश्न विचारला गेला होता. तिला कुणाला ठाम राहा म्हणवत नव्हतं.

पलंगावरून गुलाम रसूल म्हणाले, "बेटा, मला पाणी देता का? माझा हात न्हाई उचलत."

साक्षी उठली. तिने पेला त्यांच्या तोंडाला लावला. त्यांच्या हाताचे उलटे झालेले सांधे तिने पुन्हा जवळून पाहिले. परत येऊन तिने पेन उचललं.

"वडील शाळेवरच आहेत," ती अप्पांना म्हणाली. "कोट काढा."

डाव्या काखेच्या खाली, बरगडीवर, टाके होते. गोल, खोल जखम, कडा अजून लाल. साक्षीने लांबी, रुंदी, खोली मोठ्याने वाचली आणि लिहिली. रक्ताचा नमुना घेतला. अप्पा म्हणाले की मिलमध्ये लोखंडी गज लागला होता. तेही तिने लिहिलं.

संध्याकाळच्या आत अप्पांना जामीन मिळाला. गुन्हा जामीनपात्र होता, हे बुद्धप्रियाला आधीपासून माहीत होतं. बाहेर फटाके वाजले. पण तोवर विनोद बर्फाचा डबा मांडीवर घेऊन नांदेडच्या एसटीत बसला होता आणि त्याने फोन बंद करून ठेवला होता. रक्त जुळलं तर खुनाचा गुन्हा नोंदवावा लागणार होता. जुळलं नाही, किंवा वाटेत कुठे हरवलं, तर काहीच उरणार नव्हतं. उरणार होता तो त्या म्हाताऱ्याचा मोडका हात आणि धोक्यात आलेला जीव, आणि अप्पांना आता ठाऊक होतं की त्याला काय ठाऊक आहे.

रुग्णालयाच्या पायरीवर ती त्यांच्याशेजारी बसली.

"मी तुम्हाला हे करायला सांगितलं नव्हतं."

"सांगितलंत की. हाड मोडावं लागतं म्हणालात."

"चिडून म्हणाले, चाचा."

"म्हाईत हाय मला." ते प्लास्टरकडे तोंड करून बसले होते. "एकच बोट मोडलं असतं तर चाललं असतं का? म्हणून मी दुसरं बी दिलं. खातरी असावी."

ती रडू लागली. त्यांना दिसलं नसावं, पण ऐकू आलं असेल. त्यांनी डावा हात तिच्या डोक्याकडे नेला, अंदाज चुकला आणि तो खांद्यावर पडला.

"आज रात्री तुम्ही साबेराचाचींना घेऊन माझ्या घरी या," ती म्हणाली.

"खोक्यांवर झोपायचं का?"

"खोकी सोडते मी."

"नांदेड?"

"बघू."

ते उठले. "आधी एक काम हाय."

नवाब अजून चिंचेखालीच होता. बाजार उठला होता. गुलाम रसूल यांनी दावं डाव्या हाताला गुंडाळलं आणि ते चालू लागले. बुद्धप्रिया जीप हळूहळू मागे चालवत राहिली. गावाच्या वेशीत लोक ओट्यांवरून उठून उभे राहिले. माणूस मारलेलं जनावर गावात परत आणत होते, आणि कुणी अडवलं नाही.

सिंधुवहिनी दारात आल्या. बाजारातली बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांनी बैलाकडे पाहिलं, मग गुलाम रसूल यांच्या हाताकडे.

"बैल विकला न्हाई, वहिनी," ते म्हणाले. "ह्यानं काही केलं न्हाई. अण्णाला वाचवायला गेला होता."

सिंधुवहिनी आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. बुद्धप्रियाने जीपचं इंजिन बंद केलं. तिचा फोन पुन्हा वाजत होता.

मग त्या तांब्या घेऊन आल्या, उंबऱ्याबाहेर वाकल्या, आणि नवं जनावर घरात घेताना घालतात तसं नवाबच्या पायांवर पाणी घातलं. आधी एका खुरावर, मग दुसऱ्यावर.